मदत हवी आहे: कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या धंद्याचं बारमाही मार्केटिंग कसं उभं करावं?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी,

सोलापुरात आमचा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे. मी, माझी धाकटी जाऊ आणि गल्लीतल्या सहा बायका. सासूबाई आता तव्यापाशी बसत नाहीत, पण चटणीत लसूण किती पडणार हे अजून त्याच ठरवतात. अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, उद्यम नोंदणी आहे, पाकिटावर जे छापायला लागतं ते सगळं छापतो. मालाबद्दल तक्रार नाही. खरंच नाही, उगाच म्हणत नाही.

अडचण विक्रीच्या लहरीपणाची आहे. साधारण महिन्याला दीड-पावणेदोन लाखांचा माल जातो. त्यातला निम्म्याहून जास्त बसस्थानकाजवळची दोन-तीन दुकानं आणि घरच्या काउंटरवरून. उरलेला व्हॉट्सअ‍ॅपवरून कुरिअरने, महिन्याला दीडशे ते पावणेदोनशे ऑर्डरी. दिवाळीच्या आधी आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हे दुप्पट होतं. मग फेब्रुवारीपासून बायकांना काम पुरवायचं कसं हा प्रश्न. गेल्या वर्षी एका खाण्यापिण्याच्या व्हिडिओवाल्याने आमच्यावर रील केली. तीनेक लाख लोकांनी पाहिली म्हणे. आठवडाभर फोन खाली ठेवता येत नव्हता, आणि पुढच्या महिन्यात परत सगळं पहिल्यासारखं. वर कुरिअरमध्ये भाकरीचा भुगा झाला म्हणून लोकांची बोलणी.

आता एक मार्केटिंग एजन्सी मागे लागली आहे. महिन्याला अठरा हजार, त्यात बारा पोस्ट, आठ रील, 'ब्रँडिंग' वगैरे. जाऊ म्हणते करून बघू. मला धाकधूक वाटते.

आमची क्षमता सांगून ठेवते: दिवसाला चारशेच्या आसपास भाकरी आणि वीस किलोपर्यंत चटणी. याच्या दीडपट करता येईल, जागा आहे, बायका मिळतील. पण रोज काम देता आलं तरच. एक दिवस बोलवायचं आणि चार दिवस नाही म्हणायचं, हे मला जमत नाही.

तर दिवाळी, प्रदर्शन, रील यांच्या आधाराशिवाय हळूहळू वाढत जाईल आणि आम्हा दोघींना झेपेल असं काय करता येईल? 'सोशल मीडियावर अ‍ॅक्टिव्ह राहा' हे सोडून सांगा, ते सगळेच सांगतात.

रिकामटेकडा

आधी पत्ता द्या. मार्केटिंगचं नंतर बघू.

पेठेतला

ताई, प्रश्न नीट मांडलाय, म्हणून उलट प्रश्न विचारतो. एक, कुरिअरच्या एका ऑर्डरमागे सगळा खर्च जाऊन हातात किती राहतात? दोन, आत्तापर्यंत ज्यांनी मागवलं त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा मागवलं? तीन, ते दुसऱ्यांदा मागवणारे कोण आहेत? तिसऱ्याचं उत्तर असल्याशिवाय एजन्सीला फोन करू नका.

जुळेसोलापूरकर

@पेठेतला, काल रात्री वही घेऊन बसले. सरासरी ऑर्डर चारशे रुपयांची. शेंगदाणे, ज्वारी, मजुरी, पाकीट, खोका, कुरिअर जाऊन नव्वद-शंभर उरतात. आम्हा दोघींचा पगार यात धरलेला नाही (हसू नका).

व्हॉट्सअ‍ॅपवर आत्तापर्यंत सहाशेच्या आसपास वेगवेगळे ग्राहक झाले. त्यातल्या १४० जणांनी परत मागवलं. कोण आहेत ते बघितल्यावर मलाच नवल वाटलं. बहुतेक सगळे मूळचे सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडचे, आता पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादला असलेले. दुसरा गठ्ठा प्रदर्शनात चव घेऊन नंबर नेलेल्यांचा. रील बघून आलेल्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच परत आले. आम्ही महिन्याला चार हजारांच्या जाहिराती पण करतो इन्स्टावर, त्यातून पंचवीसेक नव्या ऑर्डरी येतात. त्यातलेही फार कमी परततात.

चक्रवाढ

चला, आकडे आले. आता एजन्सीचा निकाल दोन ओळींत लागतो. अठरा हजार भागिले पंच्याण्णव, म्हणजे महिन्याला सुमारे १९० जादा ऑर्डरी आल्या तर एजन्सीचा फक्त पगार निघेल. तुमच्या आत्ताच्या सगळ्या कुरिअर ऑर्डरी जवळपास तेवढ्याच आहेत. धंदा दुप्पट करून तुमच्या हातात शून्य.

जाहिरातीचंही तेच. चार हजारांत पंचवीस, म्हणजे एक नवा ग्राहक १६० रुपयांना पडतो आणि पहिल्या ऑर्डरीत देतो पंच्याण्णव. पासष्ट रुपये खिशातून गेले. तो दुसऱ्यांदा आला तर थोडं सुटतं, तिसऱ्यांदा आला तर बरं. तुम्हीच म्हणताय की तो येत नाही. मग ती जाहिरात आज बंद. कायमची बंद असं म्हणत नाही. ज्याच्या तोंडात ही चव आधीच आहे अशा माणसापर्यंत ती पोचवता आली तर परत सुरू करा.

माझं मत: तुमच्याकडे ग्राहकांचा तुटवडा नाही. सहाशेतले ४६० जण एकदा खाऊन गेले आणि त्यांना कोणी परत विचारलं नाही. विचारलंत का?

जुळेसोलापूरकर

दिवाळीला सगळ्यांना मेसेज टाकतो. एरवी नाही. लोकांना त्रास दिल्यासारखं वाटतं.

ताकभात

मी जरा वेगळं बोलते. एवढं हिशोबात अडकू नका. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर माल लावा, शहरांत दहा मिनिटांत घरपोच देणारी अ‍ॅपं आहेत तिथे शिरायचा प्रयत्न करा. आजची पिढी व्हॉट्सअ‍ॅपवर 'ताई, दोन पाकिटं पाठवा' म्हणत बसणार नाही. वाढायचं असेल तर तिथेच वाढाल.

चक्रवाढ

@ताकभात, १२० रुपयांच्या पाकिटातून बाजाराचं कमिशन, त्यांची पाठवणी, परत आलेला माल, सवलतीच्या दिवसांतली कपात, हे सगळं गेल्यावर ताईंकडे काय राहील ते मांडून दाखवा. शिवाय तिथे ग्राहकाचा नंबर मिळत नाही. म्हणजे तो परत आला तर बाजाराकडे येतो, ताईंकडे नाही.

ताकभात

मान्य, पण कायम चारशे भाकऱ्यांवरच राहायचं का? असो.

माळरान

बार्शीकडचा लाकडी घाण्याचा तेलवाला. आमचंही असंच होतं, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

तेल जड. कुरिअरला परवडत नाही, आणि डबा फुटला की आजूबाजूच्या दहा पार्सलांचं वाटोळं. तुमची भाकरी मोडते, आमचं तेल गळतं, दुखणं एकच. आम्ही पुण्याला कुरिअर जवळपास बंद केलं आणि वार ठरवला. महिन्यातला एक शनिवार, पुण्यात ठरलेल्या सात-आठ सोसायट्या. ऑर्डर मंगळवारी रात्री बंद. बुधवार-गुरुवार घाणा चालतो, शुक्रवारी रात्री टेम्पो निघतो. गिऱ्हाईक सोसायटीच्या गेटवर येऊन नेतं.

यात जाहिरात कुठे आहे? तारखेतच आहे. 'या शनिवारी येतोय, मंगळवारपर्यंत सांगा' या मेसेजला कोणी कटकट म्हणत नाही, कारण ती माहिती असते. 'आमची खास ऑफर' म्हटलं की लोक म्यूट करतात. आणि गेटवर चार जण डबे घेताना दिसले की पाचवा विचारतो, कसलं तेल आहे. तो पाचवा आम्हाला फुकट मिळतो.

दुसरा फायदा तुमच्या कामाचा. मंगळवारी रात्री तुम्हाला आकडा कळलेला असतो. किती बायका, किती दिवस, किती शेंगदाणा. पुण्याचा एक आठवडा, मुंबई-ठाण्याचा एक, हैदराबादचा एक, आणि चौथा दुकानांचा, असं चक्र लावलंत तर फेब्रुवारीतही काम राहील. वाढवायचं असेल तेव्हा जाहिरात वाढवायची नाही, थांबा वाढवायचा. एका थांब्यावर पंधरा-वीस घरं नियमित झाली की पुढचा. नाही झाली तर तीन फेऱ्यांत तो थांबा बंद. आम्ही असे दोन बंद केलेत, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

सोलापूर-पुणे खासगी बसवाले पार्सल नेतातच. सुरुवातीला टेम्पोची गरज नाही. पण खोका तुमच्या मापाचा बनवून घ्या. भाकरीच्या व्यासापेक्षा बोटभर मोठा, आत पुठ्ठ्याची चकती खाली आणि वर. हलायला जागा राहिली की भाकरी मोडणारच.

आणि कुरिअरच्या यादीतून भाकरी काढून टाका की. चटणी पाठवा भारतभर, तिला धक्क्याचं भय नाही. भाकरी फक्त थांब्यावर आणि सोलापुरात.

हुरडा

माळरान यांचं पटलं. फक्त एक: मोडलेल्या भाकरीचं काय करता ताई? तो चुरा तिखट-तेल लावून चिवड्यासारखा विकता येतो. आमच्या घरी आजी मोडक्या भाकरीवर ताक आणि चटणी घालून द्यायची, त्याच्यासाठी आम्ही मुद्दाम भाकऱ्या मोडायचो.

रिकामटेकडा

चटणी उखळात कुटलेली आहे की मिक्सरची? हा मार्केटिंगचाच प्रश्न आहे, विषयांतर नाही.

जुळेसोलापूरकर

@रिकामटेकडा, कांडप यंत्रात. खाली मुसळासारखंच पडतं, दाण्याला तेल सुटतं. मिक्सर नाही. मिक्सरमध्ये भुकटी होते, चटणी होत नाही.

@हुरडा, चुरा सध्या आम्हीच खातो. विकायचा विचार सासूबाईंना आवडणार नाही, पण विचारते.

हुरडा

कांडपाचं हे पाकिटावर लिहिलंय का?

जुळेसोलापूरकर

नाही. 'घरगुती चव, अस्सल सोलापुरी' असं लिहिलंय.

पेठेतला

ते शेजारच्या दुकानातल्या प्रत्येक पाकिटावर लिहिलेलं असतं. ताई, ज्याला सोलापूरची चटणी माहीत नाही त्याला पहिला घास घेतल्यावर ती कोरडी वाटली पाहिजे की तेलकट, हेही ठाऊक नसतं. कांडपात कुटल्याने दाण्याचंच तेल सुटतं, वरून घातलेलं नाही, हे त्याला सांगा. दह्यात कालवून खा, तेही सांगा. जाहिरातीच्या ग्राहकाने परत न मागवण्याचं अर्धं कारण मला हेच वाटतं. सोलापूरच्या माणसाला चटणी भाकरीबरोबर, दह्याबरोबर, कांद्याबरोबर कशी खायची ते शिकवावं लागत नाही. ठाण्याच्या माणसाने ती चमच्याने खाऊन बघितली, तिखट लागली, डबा फ्रिजच्या मागे गेला.

खोक्यात एक चिठ्ठी घाला, हाताच्या तळव्याएवढी. एका बाजूला खायचे तीन प्रकार. दुसऱ्या बाजूला तुमचा नंबर आणि 'सेव्ह करा, पुढच्या फेरीची तारीख कळवू'. हे सेव्ह करणं महत्त्वाचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, आणि एका यादीत २५६ जण मावतात. तुम्ही दिवाळीला पाठवलेला मेसेज सहाशेतल्या किती जणांना मिळाला असेल ते तुम्हीच बघा. बिझनेसचं अ‍ॅप वापरत असाल तर गावाप्रमाणे लेबलं लावा: पुणे पश्चिम, ठाणे, हैदराबाद. ज्याच्या गावाची फेरी, त्यालाच मेसेज.

पाव किलो चटणी चौकोनी कुटुंबाला किती दिवस पुरते?

जुळेसोलापूरकर

खाणारं घर असेल तर तीन आठवडे. नाहीतर दीड महिना.

पेठेतला

मग महिन्याची फेरी बरोबर बसते. चटणी संपत आली की तुमची तारीख येईल. वेगळी आठवण करायची गरज नाही.

कलमनवमी

धंद्याच्या कागदपत्रांचं बघते, म्हणून त्या बाजूने. 'अस्सल सोलापुरी' हे नाव तुमच्या मालकीचं कधीच होणार नाही. गावाच्या नावावर ट्रेडमार्क मिळणं अवघड असतं, कारण गाव सगळ्यांचं. आधी स्वतःचं एक नाव ठरवा. उद्यम नोंदणी आहे, त्यामुळे ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गासाठी ९००० ऐवजी ४५०० पडते. चटण्या-मसाले वर्ग ३० मध्ये येतात. पाकीट नव्याने छापायच्या आधी हे करा, नंतर नाही.

ज्वारी कुठली वापरता? मंगळवेढ्याची मालदांडी जातीची असेल तर ते नाव मोठं आहे. मंगळवेढा ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ते मानांकनाचं चिन्ह पाकिटावर छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ज्या शेतकऱ्याकडून घेता त्याची आहे का विचारा.

आणि हैदराबाद-बंगळूरला माल पाठवताना जीएसटीचं सीएला विचारून घ्या. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर ४० लाखांच्या आतल्या धंद्याची सूट चालत नाही, नोंदणी लागते. वाढायच्या नादात हे लोक विसरतात आणि मग नोटीस आली की धागा काढतात.

ताकभात

मला एक विचारायचंय, सोलापुरातच येणाऱ्या लोकांचं काय? अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणारी माणसं रोज हजारोंनी जातात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. त्यांना सोलापुरातून काहीतरी न्यायचंच असतं. ही गिऱ्हाइकं दारात आहेत आणि आपण हैदराबादची फेरी आखतोय.

चक्रवाढ

हे मात्र शंभर टक्के बरोबर बोललात.

माळरान

ताकभात यांना अनुमोदन. फक्त दुकानदाराला उधारीवर माल देताना जपून. वीस-पंचवीस टक्के त्याचे, पैसे दीड महिन्याने, आणि मुदत संपलेली पाकिटं परत तुमच्या गळ्यात. तुम्ही असं करा, अक्कलकोट रस्त्यावरचं एकच चांगलं दुकान किंवा नाश्त्याचं हॉटेल धरा. थोडा माल ठेवा, आठवड्याला जाऊन जुना उचला, नवा ठेवा, विकलेल्याचे पैसे त्याच वेळी घ्या. एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. सोलापूरच्या उन्हात दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलेली शेंगदाण्याची चटणी लवकर खवट होते, आणि गिऱ्हाईक दुकानाला नाही, पाकिटावरच्या नावाला शिव्या देतं.

गूगलवर धंद्याची नोंद आहे का? फुकट असते. प्रवासी माणूस गाडीतून 'सोलापूर कडक भाकरी' असं शोधतो. फोटो, वेळ, फोन नीट भरा, आणि काउंटरवर येणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा. त्याबदल्यात पाकीट फुकट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

जुळेसोलापूरकर

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. जावेला सगळं वाचून दाखवलं. अठरा हजारांचं गणित ऐकून ती गप्प झाली, पण रील मात्र आपणच घरी करू म्हणते, कांडपाच्या. करू दे. त्याला पैसे लागत नाहीत.

आमचं असं ठरतंय: इन्स्टाची जाहिरात थांबवायची. त्या चार हजारांतून मापाचे खोके आणि चिठ्ठ्या. १४० जणांना, सगळ्या यादीला नाही, मी स्वतः फोन करणार आणि पुण्यातले किती, कुठे राहतात ते लिहून काढणार. वरवर बघता पुण्यातले साठेक आहेत, त्यातही बाणेर-बालेवाडी-वाकड पट्ट्यात बरेच. पहिली फेरी तिकडेच. भाकरी कुरिअरच्या यादीतून काढायला सासूबाईंचा विरोध आहे, 'भाकरीशिवाय चटणी कोण मागवणार' म्हणतात. बघू दोन महिने. नावाचंही त्यांच्यावर सोपवलंय, कलमनवमी, त्यामुळे ट्रेडमार्कला वेळ लागेल. ज्वारी मंगळवेढ्याचीच आहे, शेतकऱ्याला विचारते.

अडलंय ते थांब्यावर. सोसायटीत खोके उतरवून घेणारं, लोकांना देणारं माणूस लागेल. त्याला काय द्यायचं? टक्केवारी दिली तर तो विक्रेता झाला, आणि मग तो लोकांच्या मागे लागेल. काहीच नाही दिलं तर किती दिवस करेल?

माळरान

आम्ही पैसे देत नाही. त्या घराचं महिन्याचं तेल आमच्याकडून. सोसायटीच्या समितीला आधी विचारून ठेवा, काही ठिकाणी गेटवर वाटप चालत नाही. आणि पैसे आधी, यूपीआयवर, ऑर्डर देतानाच. थांब्यावरच्या माणसाच्या हातात रोकड येऊ द्यायची नाही. भांडण तिथून सुरू होतं.

बालेवाडीफाटा

वाचतोय सकाळपासून. मूळ मोहोळचा. आमच्या सोसायटीत दोनशे फ्लॅट आहेत, त्यात सोलापूरकडची पंधरा-सोळा घरं मला नावाने माहीत आहेत. आमचा स्वतःचा एक ग्रुप आहे, हुरड्याच्या दिवसांत गावाकडून हुरडा मागवतो तो. उतरवून घेईन मी. तेल-चटणी काही फुकट नको, फक्त भाकरी ज्वारीबरोबर बाजरीचीही ठेवा थंडीत. शनिवारी सकाळी दहाच्या आत आणलंत तर बरं, नंतर लोक बाहेर पडतात. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.

रिकामटेकडा

मी वाकडचा. दहाच्या आत येतो.